सतरा नंबरचं पाकीट

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आमच्या मॅडमना नाही, आणि ज्या बाईची ती आहे तिला तर नाहीच. मी एका अभ्यासात दोन पाकिटांची अदलाबदल केली. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? म्हणून ती पाकिटं कसली होती ते आधी सांगतो.

तेव्हा मी तिशीत होतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, नदीकाठच्या एका गावात, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आमचं काम चाले. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. लकवा मारलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्याकडून व्यायाम करून घेतले, घरच्यांना शिकवले, तर हात-पाय जास्त सुधारतात का, हे आम्हाला बघायचं होतं. शहरात असे पेशंट रोज फिजिओथेरपीला जातात. आमच्याकडे कोण येणार? एक बस सकाळी, एक संध्याकाळी, आणि मध्ये जंगल. म्हणून आम्हीच जायचं. मी फिजिओथेरपिस्ट, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. मला सगळे 'व्यायामवाले भाऊ' म्हणत.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, हेही कबूल करतो. सकाळी बसस्टँडवर तर्री-पोहे खायचे, बॅगेत डबा, पाण्याची बाटली, हाताची पकड मोजायचं यंत्र आणि फॉर्मचा गठ्ठा. सागाच्या जंगलातून मोटरसायकल. उन्हाळ्यात मोहफुलांचा गोडसर वास हेल्मेटात शिरायचा आणि गाव आलं तरी तिथेच असायचा. एका गावात एक म्हातारा माझी गाडी ऐकू आली की खाटेवर पडून घ्यायचा आणि झोपल्याचं सोंग करायचा. त्याची नातसून दारातून ओरडायची, "भाऊ, सोडू नका त्याले. आत्ता कोंबडीमागं पळून राह्यला होता." धानाच्या बांध्या, तळ्यांसारख्या बोड्या, बोडीत उभ्या म्हशी, आणि कुठल्याही घरी गेलं की आधी खाट, मग पाणी, मग विचारपूस. मला वाटायचं, आपण काहीतरी चांगलं करतोय. करतही होतो. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातं.

अभ्यासात दोन गट होते. एकाकडे मी आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे जायचं. दुसऱ्याला गोळ्या, नेहमीची तपासणी आणि एक माहितीपत्रक. कोण कुठल्या गटात, हे आम्ही ठरवायचं नाही. ते पाकिटानं ठरवायचं. अभ्यासाच्या प्रमुख असलेल्या मॅडम महिन्यातून एकदा नागपूरहून येत आणि नंबर घातलेली बंद पाकिटं माझ्या ताब्यात देत. आत हिरवं कार्ड असलं तर घरी व्यायाम, पांढरं असलं तर माहितीपत्रक. पेशंटनं संमतीच्या कागदावर सही केली की ज्याची सही आधी त्याला आधीचा नंबर, आणि पाकीट त्याच्या घरी, त्याच्या माणसांसमोर उघडायचं. मी मॅडमना एकदा विचारलं होतं, एवढा सोपस्कार कशाला? त्या म्हणाल्या, "तुमच्यावर सोडलं तर ज्याची दया येईल त्याला तुम्ही चांगलं द्याल. चांगली माणसं असंच करतात. म्हणून पाकीट."

दयेचा बंदोबस्त मॅडमनी केला होता. नदीचा त्यांच्या लक्षात आला नव्हता.

त्या पावसाळ्यात दवाखान्यात एकाच आठवड्यात दोन पेशंट आले. एक बाई, पन्नाशीच्या, नदीपलीकडच्या गावच्या. डावी बाजू गेलेली. पाय आठ-दहा दिवसांत उचलू लागला, पण हाताची मूठ वळलेली ती वळलेलीच. दुसरे आमच्याच गावातले टेलर चाचा, मशिदीच्या गल्लीत त्यांचं दुकान. त्यांचा उजवा हात गेला होता. दोघांनी एकाच दिवशी संमती दिली. बाईंनी आधी, त्यांचा डावा अंगठा मुठीत अडकलेला, म्हणून उजव्याचा ठसा घेतला. चाचांनी तासाभरानं, डाव्या हातानं कशीतरी सही केली. म्हणजे बाईंचं पाकीट सतरा, चाचांचं अठरा.

अंगठा देताना बाईंनी मला एकच विचारलं होतं. "भाऊ, पुढच्या रोवण्यापर्यंत हात उघडंल का?"

रोवणा म्हणजे धानाची लावणी. डाव्या हातात रोपांची जुडी धरायची आणि उजव्यानं चिखलात एकेक खोचत मागे सरकायचं. बाई गावात रोवण्याला पहिल्या ओळीत असायच्या. गाणं त्यांनी उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. त्यांचा नवरा शेजारी उभा होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा बोकणा गालात सारून म्हणाला, "सायेब, तिले हात पायजे तो मले दाखवाले. तीस वर्सं दाखवून राह्यली. आता आठ दिस झाले, घरात गमत नाई."

"थांब, उघडू दे," बाई म्हणाल्या. "पयला तुयाच गालावर उघडन."

मी हसलो आणि म्हणालो, "बघू, प्रयत्न करू."

दोन दिवसांनी पाकिटं घेऊन निघायचं होतं. सकाळी बॅग उघडली तर आत सगळं दमट. सतराचा गोंद सुटून झाकण आपोआप वर आलं होतं. आतली हिरवी कड दिसली.

मी खिडकीपाशी उभा राहिलो. बाहेर पाऊस. बाईंच्या गावाला जायचं म्हणजे काठाकाठानं घाटापर्यंत आठ मैल गाडी, मग तिथं गाडी उभी करून डोंग्यातून नदी पार, मग पाऊण तास चिखल तुडवत पायी. डोंगा म्हणजे एका खोडाची होडी. पाणी चढलं की बंद. आठवड्यातून तीनदा. बारा आठवडे. छत्तीस वेळा. आदल्याच आठवड्यात डोंग्यानं मध्यधारेत गिरकी खाल्ली होती आणि मला पोहता येत नाही. मोठी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मनात एवढंच आलं की चाचांचं दुकान इथून चालत पाच मिनिटांवर आहे.

सतराचं पाकीट पावसानं सोडवलं होतं. अठराचं मी सोडवलं. चहाच्या वाफेवर धरलं, आत पांढरं कार्ड बघितलं, आणि दोन्ही पुन्हा नीट चिकटवली. फॉर्मवर तारखेचा रकाना होता, वेळेचा नव्हता. चाचांच्या फॉर्मवर सतरा लिहिलं, बाईंच्या फॉर्मवर अठरा. खोडाखोड नाही, काही नाही. पुढे नागपूरहून तपासणीला माणूस आला, त्यानं माझे फॉर्म पाहून म्हटलं होतं, इतके स्वच्छ कागद दुसऱ्या सेंटरला नाहीत.

चाचांकडचे बारा आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. दुकान एवढंसं, त्यात दोन मशिनी, एक बंद. चाचा गादीवर बसलेले, उजवा हात मांडीवर कुणाचा तरी ठेवायला दिलेला असावा तसा. पहिल्या दिवशी म्हणाले, "अरे भाऊ, ये हात माझाच आहे का कोणाचा? जरा विचारून सांगा ना. माझा असता तर ऐकला असता." आमच्या चार्टवर 'मणी उचलणे' असा व्यायाम होता. आम्ही बटणं घेतली. या डब्यातली बटणं त्या डब्यात. आधी कोटाची मोठी, मग शर्टाची, शेवटी ब्लाउजचे हूक. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. एक म्हणाली, "चाचा, मोहर्रमच्या आधी देतो म्हणाले होते, आता तर दुसरा मोहर्रम आला." चाचांनी एक बटण उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. "ये देखो बाई, तुमच्या ब्लाउजचं पहिलं बटण. बाकी इन्शाअल्ला." चाची आतून चहा पाठवायच्या. वाघांच्या जंगलात, मोहर्लीच्या गेटवर गाईड असलेल्या भाच्यासाठी चाचांना खाकी शर्ट शिवायचा होता, तेच आम्ही ध्येय ठरवलं. अकराव्या आठवड्यात त्यांनी कात्री धरली. अंगठा कात्रीच्या कडीत गेला, आणि चाचांनी पहिली चिंधी कापली, वाकडी.

दोन्ही गटांची मोजणी बारा आठवड्यांनी व्हायची. म्हणून दिवाळीच्या सुमारास, नदी उतरल्यावर, मी पहिल्यांदा बाईंच्या घरी जास्त वेळ बसलो. पाकीट उघडायला गेलो होतो तेव्हा घाई केली होती. पाणी चढेल म्हणालो, माहितीपत्रक हातात दिलं आणि निघालो.

ते पत्रक आता भिंतीवर होतं. मातीनं सारवलेल्या भिंतीला, देवांच्या फोटोशेजारी, तांदळाच्या खळीनं डकवलेलं. त्यात चार चित्रं होती. गोळी रोज घ्या, मीठ कमी खा, रक्तदाब तपासा, आणि चौथं, खर्रा-तंबाखू नको. चौथ्यात नकार दाखवणारा एक मोठा हात होता, पाची बोटं ताठ, तळवा समोर. बाजूला खर्ऱ्याची पुडी काढलेली, पण चित्रकारानं ती अशी काढली होती की चेंडू वाटावा. खाली अक्षरं होती. बाईंना अक्षरं येत नव्हती.

मी यंत्र काढलं. "बाई, हात कसा आहे?"

"करून राह्यली ना भाऊ. रोज सकाळी. इथी उभी राह्यतो." त्या उठून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. उजव्या हातानं डावं मनगट धरून मूठ चित्रासमोर आणली, अगदी त्या हातासमोर, आणि डोळे चित्रावर ठेवून बोटं उघडायचा प्रयत्न करू लागल्या. कपाळावर शीर आली. बोटं हलली नाहीत. "तुमी देल्लं तसंच करतो. पण ह्याच्यावानी उघडत नाई. काई चुकते का माझं?"

नवरा अंगणात होता. त्यानं आत पाहिलं आणि मान वळवली.

मला तिथं काहीही शिकवायची परवानगी नव्हती. पांढऱ्या गटाला शिकवलं तर अभ्यास बिघडतो. त्या दिवशी मी तो नियम इतका कडक पाळला. ज्यानं पाकीट वाफेवर धरलं त्यानं. मी म्हणालो, "नाही बाई, काही चुकत नाही."

पकड मोजली. यंत्राचा काटा हलला नाही. मी शून्य लिहिलं. त्यांनी पोहे केले, मी खाल्ले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी छत्तीस वेळा गेलो असतो तर तिचा हात उघडलाच असता, असं मी म्हणू शकत नाही. ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर अभ्यास होता. काहींचे हात मी बारा आठवडे जाऊनही उघडले नाहीत. पण हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यात मला आधार वाटत नाही. चाचांचा हात नशिबानं आला, तिचा नशिबानं गेला असता, तर माझं काही म्हणणं नव्हतं. नशिबाची जागा मी घेतली.

आणि अजून एक. संमतीच्या कागदात, मीच वाचून दाखवलेलं वाक्य होतं: अभ्यास संपल्यावर दुसऱ्या गटालाही व्यायाम शिकवले जातील. अभ्यास संपला. मी नदीपलीकडे निरोप पाठवला की बाईंनी दवाखान्यात यावं. त्या आल्या नाहीत. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'बोलावूनही आल्या नाहीत.' निरोप पाठवणं आणि स्वतः जाणं, यातला फरक माझ्याइतका कुणाला कळत होता? माझा सगळा अभ्यासच त्या फरकाचा होता.

पुढच्या रोवण्यात त्या मला दिसल्या. मी दुसऱ्या एका पेशंटकडे नदीपलीकडे चाललो होतो. बांधीत बायकांची ओळ होती, बांधावर त्यांचा नवरा रोपांच्या जुड्या घेऊन बसलेला. बाई त्याच्याकडे आल्या. त्यानं दोन्ही हातांनी तिची मूठ जरा सैल केली, जुडी आत खोचली, बोटं पुन्हा मिटली. मग त्या चिखलात गेल्या आणि उजव्या हातानं स्वतःच्याच मुठीतून एकेक रोप ओढून लावू लागल्या. मूठ रिकामी झाली की पुन्हा बांधावर. तोवर ओळ पुढे निघून गेलेली असायची. गाणं दुसरीच कुणी उचलत होती, बाई मागून झेलत होत्या.

नवऱ्यानं मला पाहून हात केला. "सायेब, पाहा, मशीन केली तिची! भरा आन सोडा!"

"तू भरनारा धड असता तं दोन बांध्या झाल्या असत्या," त्या चिखलातून म्हणाल्या.

मी घाईत असल्याचं दाखवलं.

चाचांनी मला एक शर्ट शिवून दिला होता, हात आल्यानंतरचा दुसराच. पहिला भाच्याचा. कॉलर डावीकडे किंचित तिरपी आहे. देताना म्हणाले, "घालून या ना भाऊ, लोकांना सांगू, हा हात तुमचा आहे." मी तो कधी घातला नाही. चाची विचारायच्या, तर तंग होतो म्हणायचो. त्या मुकाट्यानं माप बघायच्या. चाचा पुढे सात-आठ वर्षं त्याच मशिनीवर बसले आणि मागच्या वर्षी गेले, लकव्यानं नाही, तापानं. कबरीवर मूठमाती देताना मला वाटलं, आता चाचांचं सुख कुणी हिरावून घेऊ शकत नाही, आता तरी बोलायला हरकत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी चाचांच्या आडही लपत होतो. ते जिवंत असताना खरं सांगितलं तर त्यांचा हात त्यांना चोरीचा वाटेल, असं मी स्वतःला समजावत होतो. त्यात थोडं खरंही होतं. म्हणूनच ते इतकं टिकलं.

तरीही वर्षभर बोललो नाही.

मागच्या महिन्यात आमच्या आठवडी बाजारात ती दोघं दिसली. आता नदीवर पूल झालाय. त्यांच्या गावाहून ऑटो येतात. बाईंचे केस पांढरे झालेत. मूठ पदराखाली होती. त्यांनीच हाक मारली.

"व्यायामवाले भाऊ! वळखलं का नाई? मोठे मानूस झाले तुमी, पोट आलं."

"ओळखलं बाई. हात कसा आहे?"

"हाये तसाच. नखं रुततात आत, पानी जात नाई, वास मारते." त्यांनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "तो कागद घर बांधलं तवा फाटला. पन ध्यानात हाये मले. सकाळी अजून करतो, भितीसमोर. सवय लागली. ते नाई केलं तं चहा गोड लागत नाई."

त्या कांदे बघायला पुढे सरकल्या. नवरा माझ्याजवळ राहिला. गालात खर्रा नव्हता. दात गेल्यावर सुटला असावा. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तो हात खर्ऱ्याचा होता ना?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"मले वाचता येते थोडं. दुसरीपर्यंत गेलो होतो. पयल्याच दिवशी वाचलं, खर्रा नको. म्हटलं, हिले सांगितलं तं माझाच खर्रा बंद करन. मंग ती उभी राहू लागली भितीसमोर. मंग कसं सांगाचं? रोज वाटे, आज सांगतो." त्यानं बाईंच्या पाठीकडे बघितलं. "तिले नका सांगू भाऊ. तिले त्या हातावर भरोसा हाये. माझ्या चुकीपायी तिचे एवढे दिवस गेले, हे मले तिच्या तोंडून आयकाले नाई पायजे."

म्हणजे एका खर्ऱ्यासाठी तोही इतकी वर्षं माझ्यासारखाच गप्प होता. त्याला वाटत होतं, चूक त्याची. मी त्याला तिथं बाजारात सांगायला हवं होतं की तुमची चूक फार लहान आहे, मोठी माझ्याकडे आहे. तोंड उघडलंही. तेवढ्यात बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "काय खुसुरफुसुर चाल्ली? माझ्या मरनाची का?" तो हसला, मीही हसलो, आणि ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

त्यानं सांगू नका म्हटलं, हे मला सोयीचं आहे, हे मला कळतं. नदी, नियम, चाचा, आणि आता हा म्हातारा. प्रत्येक वेळी मला कुणीतरी किंवा काहीतरी मिळालं.

इतक्या वर्षांनी ती मूठ चित्रातल्यासारखी उघडणार नाही. स्नायू आखडलेत. पण रोज हळूहळू ताण दिला, मनगटाला आणि बोटांना आधाराची पट्टी बांधली, तर नखं रुतणं थांबतं, तळवा धुता येतो, हे मी शेकडो वेळा लोकांना शिकवलंय. पुलावरून तिचं घर अर्ध्या तासावर आहे.

मी अजून गेलेलो नाही.

सतरा नंबरचं पाकीट तुमचं होतं, हे मला तिला सांगायचं आहे. चित्रातला हात व्यायामाचा नव्हता, आणि तुमचं काही चुकत नाही असं मी खोटं म्हणालो, हेही. आणि छत्तीस भेटी माझ्याकडे बाकी आहेत.